शेरगिलांच्या घरातला कॅमेरा

२०२३ साली शेरगिल कुटुंब दोन वेगवेगळ्या कारणांनी बातम्यांत आले. मार्चअखेर चित्रकार विवान सुंदरम यांचे निधन झाले, आणि सप्टेंबरमध्ये त्यांच्या मावशीचे, म्हणजे अमृता शेरगिलचे, १९३७ सालचे 'द स्टोरी टेलर' हे तैलचित्र दिल्लीच्या लिलावात ६१.८ कोटी रुपयांना विकले गेले. सय्यद हैदर रझा यांच्या चित्राने मुंबईत केलेला किमतीचा विक्रम त्या बोलीने दोन-तीन आठवड्यांतच मोडला. पुढे २०२५ मध्ये हुसेनांच्या चित्राने तोही मागे टाकला. या निमित्ताने उकरून काढलेला जुना वाद मात्र अजून धुमसतो आहे. एका बाजूचे म्हणणे असे, की अमृता ही स्वयंभू प्रतिभा होती. अठ्ठावीस वर्षांच्या आयुष्यात तिने जे केले ते कोणत्याही घरात जन्माला येऊन केलेच असते. दुसरी बाजू म्हणते, की पंजाबातल्या जमीनदार सरदाराची आणि हंगेरियन आईची ही लाडकी लेक पॅरिसला शिकली, गोरगरीब स्त्रियांची उदास चित्रे काढून मोठी झाली, आणि तिच्या पुण्याईवर आधी बापाचे फोटो आणि मग भाच्याचे उद्योग खपले.

दोन्ही बाजू घराकडे कलेच्या बाहेरची गोष्ट म्हणून पाहतात. एकीला ते विसरायचे आहे आणि दुसरीला ते आरोपपत्राला जोडायचे आहे. माझे म्हणणे असे, की या कुटुंबाच्या बाबतीत घर हाच कलेचा विषय होता आणि कलेची कार्यशाळाही तेच होते. हे आपल्याला दिसत नाही याचे कारण त्या घरातल्या पहिल्या आधुनिक कलावंताला, उमराव सिंग शेरगिल यांना, आपण कलावंतांत धरतच नाही. त्यांच्या हातात कुंचल्याऐवजी कॅमेरा होता, एवढेच त्यांचे उणे. चित्राला वारसा आणि छायाचित्राला आठवण मानण्याची ही सवय केवळ अभिरुचीचा प्रश्न असती तर तिच्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण तीच सवय आपल्या कायद्यात आणि संग्रहालयांत मुरलेली आहे, आणि तिची किंमत एका कुटुंबापुरती मर्यादित नाही.

आधी विरोधी पक्षाचे जे खरे आहे ते मोकळेपणाने मान्य करू. सुबत्ता होती, आणि ती थोडीथोडकी नव्हती. उमराव सिंग हे अमृतसरजवळच्या मजीठाचे सरदार. लाहोरला आलेल्या मारी आंत्वानेत गोट्समान या हंगेरियन गायिकेशी त्यांनी १९१२ मध्ये दुसरा विवाह केला. १९१३ मध्ये बुडापेस्टला अमृता आणि पुढच्या वर्षी इंदिरा जन्मली. महायुद्धामुळे कुटुंब १९२१ पर्यंत हंगेरीतच अडकले, मग सिमल्याला आले आणि १९२९ मध्ये मुलींच्या शिक्षणासाठी सगळे बिऱ्हाड पॅरिसला हलले. थोरल्या मुलीला चित्रकला आणि धाकटीला पियानो शिकता यावा म्हणून जहाजाने युरोप गाठणारी कुटुंबे त्या काळच्या हिंदुस्थानात किती असतील? ज्या वर्षांत मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये अंबिका धुरंधर आणि अँजेला त्रिंदाद या मुली पदविकेसाठी अभ्यास करत होत्या, त्याच वर्षांत अमृता पॅरिसच्या कलाशाळेत ल्युसियाँ सिमों यांच्या वर्गात होती, आणि १९३३ मध्ये तिथल्या सलोंने, म्हणजे वार्षिक कलाप्रदर्शनाने, तिच्या 'यंग गर्ल्स' या चित्राला सुवर्णपदक दिले. संधी समान नव्हती. ती समान होती असे जो म्हणेल त्याच्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नये.

पण संधी मिळाली या एका गोष्टीने संधीचे काय झाले ते कळत नाही. मजीठियांकडे पैसा सर्वांच्याच घरी होता. उमराव सिंगांचे धाकटे बंधू सर सुंदर सिंग यांनी त्यातून साखर कारखाना उभारला आणि पंजाबच्या राजकारणात मानाचे स्थान मिळवले. संस्थानिक आणि सरदारांच्या शेकडो वाड्यांत त्या काळी महागडे कॅमेरे येऊन पडले होते, आणि त्यांतून बहुतेक ठिकाणी शिकारीचे वाघ आणि गव्हर्नरसाहेबांची भेट यांपलीकडे काही निघाले नाही. शिवाय एका घरातून अनेक कलावंत निघाले म्हणजे त्यांच्या कर्तृत्वात खोट आहे, असे आपण इतरत्र मानतो का? ज्या नऊ चित्रकारांच्या कृती भारत सरकारने राष्ट्रीय कलासंपदा म्हणून घोषित केल्या आहेत त्यांत रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ हे तिघे जोडासाँकोच्या एकाच ठाकूरवाड्यातले आहेत. नवांपैकी तीन एका वाड्यातले निघाले, तरी त्याला घराणेशाही म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. गाण्यात तर प्रश्नच येत नाही. हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने हे अब्दुल करीम खाँसाहेबांची मुले आहेत हे सांगून कोणी त्यांचे गाणे निकालात काढले आहे का? उलट, आई-वडील वेगळे झाल्यावरही त्या मुलांच्या गळ्यात काय उरले, याचाच शोध आपण कौतुकाने घेतो. चित्रकाराने मात्र एकटे, गरीब आणि शक्य तर गैरसमजाने गांजलेले असावे, ही युरोपच्या एकोणिसाव्या शतकातली दंतकथा आपण उसनी घेतली आणि तिच्यात जो बसत नाही त्याला जाब विचारत बसलो.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. उमराव सिंग (१८७०–१९५४) संस्कृत-फारसीचे व्यासंगी, योगाभ्यासाचे वेडे, टॉलस्टॉयचे भक्त. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी कॅमेरा हातात धरला आणि जवळजवळ आयुष्यभर खाली ठेवला नाही. त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बहुतेक वेळा दोनच विषय असत: कुटुंब आणि ते स्वतः. स्वतःची त्यांनी घेतलेली छायाचित्रे ऐंशीच्या वर आहेत. कधी ते पुस्तकांनी भरलेल्या खोलीत बसलेले पंडित आहेत, कधी युरोपीय पोशाखातले गृहस्थ. आणि १९३० चे ते छायाचित्र, ज्यात पंधरा दिवसांच्या उपवासानंतर हा साठीचा शीख सरदार फक्त लंगोटीवर, केस मोकळे सोडून, उघड्या अंगाने आपल्याच कॅमेऱ्यासमोर उभा राहतो. त्या प्रतिमेत पगडी नाही, तलवार नाही, खुर्ची नाही. सरदाराच्या तसबिरीत जे जे हमखास असायचे ते सगळे त्याने एकेक करून बाजूला ठेवलेले आहे. स्टुडिओतल्या छायाचित्रकाराला हे करता आले नसते, कारण त्याच्या गिऱ्हाइकाला नेमके तेच सगळे हवे असायचे.

यावरचा सर्वांत भारी आक्षेप असा, की उमराव सिंगांनी स्वतःला कधी कलावंत म्हणवले नाही. त्यांनी आयुष्यभर ना प्रदर्शन भरवले ना प्रिंट विकले. हा हौशी माणसाचा घरगुती संग्रह आहे, आणि मुलगी प्रसिद्ध झाली नसती तर तो ट्रंकेतच राहिला असता. यातले शेवटचे विधान बहुधा खरे आहे. महाराष्ट्रात सावली सहसा उलट्या दिशेने पडली, म्हणजे महादेव विश्वनाथ धुरंधरांमागे अंबिकाबाई झाकल्या गेल्या. शेरगिलांकडे बाप मुलीमागे झाकला गेला आणि तिच्याच प्रकाशात पुन्हा दिसू लागला. परंतु एखादी गोष्ट कशामुळे सापडली आणि ती काय आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. फ्रान्सचा जाक-आंरी लार्तीग लहानपणापासून घरच्यांची छायाचित्रे घेत राहिला. तो स्वतःला चित्रकार समजत असे आणि कॅमेरा हा खासगी छंद. साठी ओलांडून गेल्यावर, १९६३ मध्ये, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्याची छायाचित्रे भिंतीवर लावली आणि विसाव्या शतकाच्या छायाचित्रकलेचा इतिहास त्याच्या नावावाचून लिहिणे अशक्य झाले. हौस हा दर्जाचा निकष असेल तर मग त्याला बाहेर काढावे लागेल. हौशी माणसाला गिऱ्हाईक नसते हे त्याचे व्यंग नव्हे. उपवासानंतरचे ते छायाचित्र त्याशिवाय निघालेच नसते. आणि पन्नासएक वर्षे एकच माणूस एकाच चेहऱ्याला, त्याच त्या प्रश्नांनिशी, वेगवेगळ्या पोशाखांत आणि उजेडात पुन्हा पुन्हा सामोरा जात असेल, तर त्याला विरंगुळा म्हणणे हा आळशीपणा आहे.

त्याच घरात, पॅरिसचे बिऱ्हाड मोडण्याच्या सुमारास, १९३४ मध्ये अमृताने स्वतःला ताहितीची स्त्री म्हणून रंगवले. कमरेपर्यंत उघडे, सावळे शरीर. केस मागे बांधलेले. हात पुढे एकावर एक. नजर पाहणाऱ्याला टाळून बाजूला गेलेली. आणि मागे एका पुरुषाची सावली. ही ताहितीच्या स्त्रिया रंगवणाऱ्या फ्रेंच चित्रकार गोगँला दिलेली दाद आहे की टोमणा, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे, आणि ती वायाही गेलेली नाही. परंतु चारच वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनी तसेच उघडे शरीर, तसाच उसना घेतलेला वेश (त्यांच्या बाबतीत तपस्व्याचा) कॅमेऱ्यासमोर उभा केला होता, ही गोष्ट त्या चर्चेत तळटीप म्हणूनही क्वचितच येते. वडिलांचा मुलीवर प्रभाव पडला असे मी यातून सिद्ध करू पाहत नाही. तसा पुरावा माझ्या हाती नाही आणि त्याची गरजही नाही. लहानपणापासून भिंगासमोर बसण्याची, उजेड कुठून येतो ते ओळखण्याची आणि आपण कसे दिसतो याचा निर्णय आपणच करायचा असतो हे गृहीत धरण्याची सवय या घरात होती. त्या काळच्या किती हिंदुस्थानी मुलींना हे गृहीत धरता येत होते? घरची श्रीमंती मोजायचीच असेल तर जमिनीबरोबर हेही मोजावे.

१९३६ च्या अखेरीस अमृता मुंबईत आली, कलासमीक्षक कार्ल खंडालावालांशी तिची मैत्री जुळली, अजिंठा-वेरूळ पाहून ती भारावली आणि दक्षिणेत उतरली. 'ब्रह्मचारी' आणि 'दक्षिण भारतीय खेडूत बाजाराला जाताना' यांसारखी चित्रे त्या प्रवासातून आली. बॉम्बे आर्ट सोसायटीने तिच्या 'तीन मुली' या चित्राला सुवर्णपदक दिले आणि १९४४ मध्ये खंडालावालांनी मुंबईतूनच तिच्यावर ग्रंथ काढला. मराठी वाचकाला हा भाग ठाऊक असतो, म्हणून तो इथेच सोडतो. फक्त एक नोंदवतो: सिमल्याला परतल्यावर ईझलपाशी उभ्या असलेल्या अमृताचे जे छायाचित्र आज पुस्तकांत सर्रास छापले जाते, तेही उमराव सिंगांचेच आहे. कित्येक ठिकाणी त्याखाली त्यांचे नाव नसते. चित्र छापून चित्रकाराचे नाव गाळण्याची हिंमत तोच संपादक करील काय?

विवान सुंदरम (१९४३–२०२३) हे इंदिरेचे चिरंजीव. बडोदा आणि लंडनच्या स्लेड कलाशाळेत चित्रकला शिकलेल्या या माणसाने १९८०च्या दशकात शेरगिल कुटुंबाचे मोठे चित्र रंगवले, १९९५ मध्ये कुटुंबाच्या दस्तऐवजांतून एक मांडणशिल्प उभारले आणि २००१–०२ मध्ये आजोबांची छायाचित्रे संगणकावर जोडून 'री-टेक ऑफ अमृता' ही मालिका केली. वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या देशांत टिपलेले आजोबा, आजी, मावशी आणि आई त्यांत एका खोलीत, एका आरशाच्या आसपास वावरतात. यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की हे दस्तऐवजाचे विद्रूपीकरण आहे. आज कोणीही कोणाचेही खोटे छायाचित्र दोन मिनिटांत करू शकत असताना असली जोडकामे खरी म्हणून फिरतील. दुसरा अधिक नाजूक: वारसाच्या हाती साधनेही असावीत, त्यांचा अर्थ लावण्याचा अधिकारही असावा, आणि त्या अर्थावर भाष्य करणाऱ्यांत विवान यांच्या पत्नी गीता कपूर यांच्यासारख्या मोठ्या समीक्षक, म्हणजे घरातलीच व्यक्ती असावी, हे निरोगी आहे काय?

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. छायाचित्रात हात घालणे ही संगणकाने आणलेली विकृती नाही. नाथद्वाऱ्याचे चित्रकार विसाव्या शतकाच्या आरंभी श्रीनाथजीच्या मनोरथ चित्रांत यजमान शेटजींचा छायाचित्रातला चेहरा कापून चिकटवत आणि खालचे धोतर-अंगरखे रंगवत. ते चित्र पाहून कोणी फसले नाही, कारण ते काय आहे हे सर्वांना माहीत होते. विवान यांनीही आपली सही आणि साल घालूनच जोडकाम पुढे केले, आणि मूळ छायाचित्रे त्यांच्या सोबतीने प्रदर्शनांत आणि पुस्तकांत येऊ दिली. जे खोटे छायाचित्र आज आपल्याला छळते ते मूळ लपवते. शिवाय ही पद्धत त्यांनी फक्त मावशीसाठी राखून ठेवलेली नव्हती. मुंबईच्या दंगलीत रस्त्यावर मरून पडलेल्या एका अनाम माणसाचे होशी जाल यांनी घेतलेले वृत्तपत्रीय छायाचित्र उचलून त्यांनी १९९३ मध्ये 'मेमोरियल' उभारले. त्या कागदावर खिळे ठोकले, लोखंडी ट्रंकांची कमान रचली. दुसऱ्या दिवशी रद्दीत जाणाऱ्या वृत्तपत्रातल्या प्रेताला त्यांनी स्मारकाचा मान दिला. मावशीच्या नावावर जगणाऱ्या भाच्याला हे सुचण्याचे कारण नव्हते.

दुसरा आक्षेप मात्र झटकून टाकता येत नाही, आणि शेरगिलांच्याच इतिहासात त्याचा दाखला आहे. अमृता हंगेरीत असताना आई-वडिलांनी तिच्या मागे राहिलेली पत्रे जाळून टाकली. ती तरुण मुलीच्या बदनामीची भीती होती. पण जळालेली पत्रे तिची होती, आणि तिने पत्रातून वडिलांना त्याबद्दल खडे बोल सुनावले. छायाचित्रे जिवापाड जपणाऱ्या त्याच हातांनी पत्रे चुलीत घातली. वारस हा राखणदारही असतो आणि सेन्सॉरही, हे यापेक्षा स्पष्ट कशाने दिसेल? भाच्याने उरलेली पत्रे, त्यातल्या अवघड मजकुरासकट, २०१० मध्ये दोन खंडांत छापली हे त्याच्या बाजूने जमा करावेच लागते. तरीही एका माणसाच्या सद्बुद्धीवर सार्वजनिक वारसा सोपवणे ही व्यवस्था नव्हे. यावर उपाय वारसाला गप्प बसवणे हा नाही, कारण तो गप्प बसला तर पत्रे पुन्हा जळतील. उपाय हा, की मूळ साधने त्याच्या कपाटाखेरीज आणखी कुठेतरी सुरक्षित आणि अभ्यासकांना खुली असावीत. इथे शासनाचा संबंध येतो.

पुरावशेष आणि कलासंपदा कायदा १९७२ चा. त्याखाली भारतात असलेली अमृताची चित्रे देशाबाहेर नेता येत नाहीत. कुटुंबीयांनी दिलेली आणि सरकारने मिळवलेली तिची मोठी चित्रसंपदा दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. त्या कायद्याखाली घोषित झालेल्या नवांत छायाचित्रकार एकही नाही. याचे समर्थन असे केले जाते, की छायाचित्राच्या हव्या तेवढ्या प्रती निघतात. मग राष्ट्रीय ठेवा म्हणायचे कोणत्या प्रतीला? युक्तिवाद चलाख आहे, पण तो त्याच यादीवर आपटून फुटतो. काठी घेऊन दांडीला निघालेल्या गांधीजींची नंदलाल बोसांनी १९३० मध्ये केलेली प्रसिद्ध प्रतिमा लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरून छापलेले चित्र आहे, आणि लिनोकटाच्या प्रती निघतात म्हणूनच तो करतात. तिथे कायद्याला अडचण आली नाही. छायाचित्रात तर काचेची किंवा फिल्मची निगेटिव्ह एकच असते, छायाचित्रकाराने स्वतः काढलेले प्रिंट मोजके असतात आणि त्याने हाताने लावलेला अल्बम एकमेव असतो. कॉपीराइट कायद्याने हा दुजाभाव २०१२ मध्ये संपवला. तोवर छायाचित्राचे हक्क प्रकाशनापासून साठ वर्षे चालत, आता ते चित्राप्रमाणेच कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतात. म्हणजे छायाचित्रातून मिळणाऱ्या पैशापुरती ही समानता आपल्याला पटली. जतनाची वेळ आली की मात्र तो फक्त फोटो असतो.

यातला महाराष्ट्राचा वाटा लहान नाही. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली, आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे मिस्त्री घराण्यातले चुलतभाऊ नाटकांचे पडदे रंगवता रंगवता कॅमेऱ्याच्या नादी लागले. आनंदराव १९१६ मध्ये गेले, आणि बाबूरावांनी पुढे कॅमेरा घरच्या घरी घडवून चित्रपट काढले. कुंचला आणि भिंग यांच्यात आपण आज जी भिंत बांधतो ती त्या कारखान्यात कोणाला दिसली नसती. अशा किती घरांतल्या काचा माळ्यावरच्या दमटपणाने धरल्या, किती भंगारात गेल्या, याची मोजदाद करण्याचे काम कोणत्याही खात्याकडे दिलेले नाही, कारण मोजायचे काय याचाच निर्णय झालेला नाही.

तो निर्णय फार काळ टाळता येणार नाही. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे शंभर वर्षे पूर्ण झालेली कलाकृती आपोआप पुरावशेष ठरते. उमराव सिंगांची बुडापेस्टमधली छायाचित्रे त्या वयाची केव्हाच झाली आहेत, आणि १९३० चे ते लंगोटीतले आत्मचित्र २०३० मध्ये होईल. त्याचे मूळ प्रिंट उद्या परदेशी संग्राहकाकडे निघाले, तर परवानगीच्या अर्जावर शेरा मारणाऱ्या अधिकाऱ्याला ही कलाकृती आहे की नाही हे एका शब्दात लिहावे लागेल. ते त्याने टेबलावर बसून एकट्याने ठरवण्यापेक्षा संस्कृती मंत्रालयाने त्याआधीच नऊ नावांच्या यादीत दहावे नाव छायाचित्रकाराचे घालावे, आणि ते उमराव सिंगांचे असावे अशी माझी मागणी आहे.